159 एमबी शांतता

पूर्वी रेडिओवरचं गाणं टेप करायचं म्हणजे घरात जमावबंदी लागू व्हायची. टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी ठेवायचा, ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ ही दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि गाणं संपेपर्यंत कोणी खोकायचंसुद्धा नाही. तरी कुकरची शिट्टी व्हायचीच. मग ते गाणं जन्मभर शिट्टीसकटच बरं वाटायचं.

आता इंटरनेटवरून वाहत येणारा आवाज घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायला माईक लागत नाही. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. विंडोजवर त्यात ‘वासापी’ (WASAPI) हा पर्याय निवडायचा आणि स्पीकरच्या नावापुढे ‘लूपबॅक’ लिहिलेलं असतं, ते धरायचं. स्पीकरकडे निघालेला आवाज वाटेतच पकडला जातो. कुकरने कितीही कंठशोष केला तरी त्याला आत मज्जाव. व्हॉट्सअॅपची टिंग मात्र हक्काने शिरते. ती कॉम्प्युटरच्या माहेरची.

हे ज्ञान नात्यात पसरलं आणि आत्याचा फोन आला. तिला 31 जानेवारीचा मेहेराबादचा कार्यक्रम हवा होता. मेहेराबाद म्हणजे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांचं समाधिस्थान, आमच्या नगरजवळ, दौंड रस्त्यावर अरणगावला. (जिल्हा अहिल्यानगर झाला, आत्या अजून नगरलाच राहते.) मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरलं ते 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत. 1954 साली तीही बाजूला ठेवली आणि उरल्या हाताच्या खुणा. अमरतिथीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, जगभरातले मेहेरप्रेमी तिथं जमतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपण असतं. भजनं होतात आणि दुपारी बाराच्या ठोक्याला सगळे पंधरा मिनिटं मौन पाळतात. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. म्हणजे कोणी भाविक स्वतःच्या घरची फुकटची शांतता सोडून डेटा खर्चून अरणगावची ऐकत बसलेला असणार. श्रद्धेचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

“ती पंधरा मिनिटंसुद्धा घे बरं का,” आत्या म्हणाली.

“आत्या, त्यात काहीच नसतं.”

“नाही ना? मग उतरवायला तुझं काय जातंय?”

159 एमबी जातात. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजते, डाव्या कानाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. समोर कोणी ताना घेतंय की सगळे गप्प बसलेत, याच्याशी तिला कर्तव्य नाही. दुष्काळी तालुक्यातला कारकून पाऊस शून्य मिलिमीटर अशी रोज नेमाने नोंद करतो, तसं चालतं.

उलट ऑडॅसिटीत एक सोय आहे : आवाज आला तरच रेकॉर्ड करायचं, नाहीतर थांबून राहायचं. शिवाय नंतर लांबलेली शांतता छाटून टाकण्याचीही आज्ञा आहे. व्याख्यानांसाठी ती उत्तमच. आमच्याकडच्या काही वक्त्यांना तर ती जन्मतः बसवून द्यायला हवी होती. पण अमरतिथीला ती लावली तर भजन संपतं आणि लगेच पुढचं सुरू! साडेत्रेचाळीस वर्षांच्या मौनाच्या नावाने पाळलेली पंधरा मिनिटं कॉम्प्युटरच्या लेखी केरात. मी दोन्ही सोयी बंद ठेवल्या.

फाईल मग फ्लॅक (FLAC) प्रकारात बसवली. त्यात आवाजाला धक्का लागत नाही आणि जिथं गडबड कमी तिथं जागाही कमी लागते. वाटलं होतं, मौनाचं ओझं अगदीच किरकोळ निघेल. पण हजारो माणसं गप्प बसली तरी माईकवर वारा असतो, खोकला असतो, कावळ्यांनी तर कसलंच व्रत घेतलेलं नसतं. त्यात दौंड–मनमाड रेल्वे मेहेराबादच्या मधूनच जाते.

आत्याने फाईल मुलाला परदेशी पाठवली. त्याचा लगेच निरोप : “दादा, बारानंतर फाईल बिघडली आहे, परत पाठव.” मी कळवलं, बिघडलेली नाही, जरा दम धर, गाडी येईल.