बी, डी आणि मी

टेक्ससमध्ये मुलांना घरी शिकवायचं ठरवलं तर सरकार फारसं आड येत नाही. घरची शाळा हीसुद्धा खाजगी शाळाच, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली दिला. प्रामाणिकपणे शिकवा आणि वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित व चांगलं नागरिकत्व एवढं घ्या, की झालं. हस्ताक्षराचा या यादीत पत्ताच नाही. म्हणजे कायद्याने माझ्यासारख्यांना चांगली भरघोस सवलत देऊन ठेवली होती. हाती आलेली सवलत सोडणारा मी बहुधा पहिलाच मराठी माणूस.

कारण माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. साताऱ्याच्या शाळेत आधी पाटीवर, मग दुरेघी, मग चाररेघी वहीत मी जे काही उमटवलं ते बघून गुरुजी ‘डॉक्टर हो’ एवढंच म्हणायचे. मी झालो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ते पाप झाकून गेलं. लेक पाच वर्षांची झाल्यावर बायकोने विचारलं, ‘‘हिला लिहायला कोण शिकवणार?’’ ती हॉस्पिटलात नोकरीला, मी घरून काम करणारा. तेव्हा आमच्या शाळेचा मुख्याध्यापक, शिपाई आणि घंटा सगळं मीच. तरी तिने ‘कोण’ असं विचारावं? मी इरेला पेटलो.

वाचनाचं चटकन ठरलं. जॉली फोनिक्स घेतलं. त्यात अक्षरांची नावं मागाहून, आधी ४२ ध्वनी, आणि प्रत्येक ध्वनीला एक हावभाव. ‘स्स्’ म्हणताना हाताने साप वळवळवायचा, ‘ॲ’ म्हणताना दंडावर मुंग्या चढवायच्या. लेक रंगली. मी तिच्याहून जास्त. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये ‘स्टेटस’ सांगताना माझा हात कॅमेऱ्यासमोर सळसळत गेला. साहेबांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

हस्ताक्षरासाठी मात्र मी स्प्रेडशीट उघडली. एका रकान्यात झेनर-ब्लोझर. १८८८ साली सुरू झालेल्या कंपनीची, काठी आणि गोल यांची सरळसोट अक्षरं. दुसऱ्यात डॉनल्ड थर्बर यांची डिनीलियन. पुढे कर्सिव्ह सोपं जावं म्हणून तिच्या अक्षरांना आधीपासूनच शेपट्या. तिसऱ्यात स्पाल्डिंग, ७० फोनोग्राम, ऐकायचं, म्हणायचं आणि लिहायचं एकाच दमात. चौथ्यात हँडरायटिंग विदाउट टिअर्स. एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने बनवलेली, लाकडी तुकडे जुळवून कॅपिटल अक्षरं शिकवणारी. शहाण्या माणसाने यातलं एक उचललं असतं. मी चारही मागवली, आणि प्रत्येकातलं उत्तम तेवढं घ्यायचं म्हणून ‘एकात्मिक अभ्यासक्रम, अंतिम’ नावाची फाइल बनवली. पुढे तिच्या ‘अंतिम २’ आणि ‘अंतिम खरी’ अशा आवृत्त्या निघाल्या.

स्पाल्डिंगमध्ये गोलाईची अक्षरं घड्याळातल्या दोनच्या आकड्यापासून सुरू करायला सांगतात. कल्पना फार सुरेख. पण आमच्या घरात घड्याळ एकच, मायक्रोवेव्हचं. म्हणून मी हस्ताक्षर थांबवलं, काट्यांचं घड्याळ आणलं आणि आठवडाभर वेळ बघायला शिकवली. मग एका सकाळी परीक्षा घेतली. ‘‘सांग, ‘सी’ कुठून सुरू करायचा?’’

‘‘दोन वाजता!’’ असं म्हणून ती खेळायला निघून गेली. दुपारी ठीक दोनला पेन्सिल घेऊन दारात हजर. माझी मीटिंग चालू होती.

पेन्सिल धरण्याचं आणखी वेगळंच. खडूचा तुकडा लहान असला की तो मुठीत पकडता येत नाही आणि तीन बोटांची पकड आपोआप बसते, असं वाचनात आलं. वाचल्यावर मला धीर कुठला? लेकीच्या वाढदिवसाला आलेला ६४ रंगांचा कोरा डबा घेतला आणि रात्री टीव्ही बघत एकेक खडू मोडत बसलो. शेंगा सोलाव्यात तसं. काही खडूंचे तर तीन तीन तुकडे केले. सकाळी तिने डबा उघडला. आधी शांतता, मग असा टाहो फोडला, की शेजारची बाई काय झालं ते विचारायला आली. तिला मी ‘पेडॅगॉजिकल’ हा शब्द वापरून समजावलं. तिचा चेहरा काही निवळला नाही.

पण खरा घोळ क्रमाचा होता. फोनिक्सची गाडी सुटते एस, ए, टी, आय, पी, एन या अक्षरांनी. कारण एवढ्या सहांत ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘नॅप’ असे ढीगभर शब्द लगेच वाचता येतात. लाकडी तुकडेवाल्यांना शब्दांचं देणंघेणं नाही, त्यांना हात बघायचा. त्यामुळे त्यांच्या कॅपिटलमध्ये आधी उभ्या काठीने सुरू होणारी एफ, ई, डी, पी ही मंडळी येतात, आणि एस, ए, आय, टी सगळे शेवटच्या गटात. दोघांचंही बरोबर. कुठल्याही एकाचं ऐकलं असतं, किंवा वाचायचं वेगळं आणि गिरवायचं वेगळं असं सरळ ठेवलं असतं, तर भागलं असतं. मी दोघांचा मेळ घालायला बसलो. परिणाम असा, की जे तिला वाचता येई ते लिहिता येईना, आणि लिहिता येई ते वाचता येईना. त्यातून मी मध्येच डिनीलियनच्या शेपट्या जोडल्या. पुस्तकातल्या अक्षरांना शेपट्या नव्हत्या, तर तिने गोष्टीच्या पुस्तकात पेनने त्या काढून दिल्या. पुस्तक लायब्ररीचं होतं.

शेवटी आईला फोन लावला. आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पहिली घेतली. ती म्हणाली, ‘‘आम्ही कुठे अ-आ-इपासून हात धरतो? ग म भ न. आकार सोपे, एकातून दुसरं निघतं, आणि लगेच शब्द. मग, नभ, गगन, नमन. तुमच्यात तसलं काही नाही का?’’

आईचं काय जातं? मराठीत ‘म’ला ‘म’च म्हणतात. इथे ‘डब्ल्यू’च्या नावात ‘व’ शोधून दाखवा. तरी मी शोधलं, आणि सापडलं! सी काढा, मिटवा, ओ झाला. काठी लावा, ए. काठी उंच करा, डी. खाली वळवा, जी. ‘गो’, ‘डॉग’, ‘डॅड’. लेक भराभर लिहायला लागली. माझ्या चार संचांपैकी एकात हेच गट छापलेले होते, हे नंतर दिसलं. पण शोध तो शोध.

यशाने माणूस चढतो. डी जमला, आता बी. पुस्तकात या दोघांना मुद्दाम दूर ठेवलं होतं. मी म्हटलं, दिसायला सारखेच आहेत, एका बैठकीत दोन्ही उरकू.

जूनमधल्या फादर्स डेला लेकीने स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र केलं. वर फूल, खाली ठसठशीत ‘बाबा’, इंग्रजीत. अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. फक्त दोन्ही बी उलटे. बायकोने मोठ्याने वाचलं, ‘‘दादा!’’ आणि पत्र फ्रिजवर लावून टाकलं.

तेव्हापासून बायको मला त्याच नावाने हाक मारते. गणपतीत इथल्या मराठी मंडळींच्या आरतीला गेलो, तर भर गर्दीत तिची हाक आली, ‘‘दादा, गाडीची किल्ली दे!’’ माझ्याशेजारी नागपूरहून नुकतेच आलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मोदक खाली ठेवला आणि आदराने विचारलं, ‘‘तुमच्या भगिनी कुठे नोकरीला असतात?’’