मायक्रॉनच्या गावात रंधा

पिंपरी-चिंचवडमध्ये राहून लाकूडकामाचं वेड लागणं म्हणजे तालमीत जाऊन भरतकामाची रिंग मागणं. कुणी हाकलून देत नाही, पण सगळे काळजीनं बघतात. या शहराचं दैवत मोरया गोसावी आणि कुळाचार लोखंड. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को आली, आणि तेव्हापासून इथे दर दुसऱ्या घरात कुणीतरी लेथवर, मिलिंगवर नाहीतर क्वालिटीत आयुष्य काढलेलं असतं. आमच्या पिंपळे सौदागरात वरवर पाहता हिंजवडीला जाणारे संगणकवालेच दिसतात. पण त्यांचे वडील आणि सासरे सकाळी फिरायला बाहेर पडतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी अजून चालू स्थितीतला व्हर्नियर असतो.

मी संगणकवाला. मला हवं होतं एक स्टूल, मग एक बाक, मग जमलंच तर सागवानी टेबल. त्यासाठी गावठाणातल्या एका दादांची पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि ‘रंध्याचं मशीन घ्यायचंय’ हे वाक्य सकाळी बागेतल्या बाकड्यावर बोललो. त्या क्षणापासून तो प्रकल्प माझा राहिला नाही. टूलरूमवाले काका, मेंटेनन्सवाले काका आणि क्वालिटीवाले काका अशी तीन सदस्यांची समिती तिथल्या तिथे स्थापन झाली. माझ्याकडे सही करण्याचा अधिकार उरला, तोही फक्त चेकवर.

‘बेड किती फ्लॅट आहे?’ क्वालिटीवाल्या काकांनी विचारलं.

‘काका, मला स्टूल करायचंय.’

‘अरे, म्हणूनच विचारतोय.’

परदेशी व्हिडिओंत पहिलं मशीन म्हणून टेबल सॉ घ्यायला सांगतात. टेबलाच्या मधोमध गोल पातं, त्यावरून लाकूड पुढे सरकवायचं. तिथे गॅरेज असतं. आपला प्लाय आठ बाय चारचा. तो पात्यावरून लांबीत फाडायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट हवेत आणि पलीकडे आठ फूट. मधलं मशीन आणि मी वेगळे. शेड 12 बाय 18. म्हणजे कापायला सुरुवात करताना मी रस्त्यावर आणि संपवताना प्लाय दादांच्या स्वयंपाकघरात. शिवाय प्लायच्या दुकानात पॅनेल सॉ असतो, सांगाल त्या मापाला कापून देतात. दुकानदाराचं मशीन वापरावं आणि आपली जागा वाचवावी हे शहाणपण आमच्या समितीला अजिबात आवडलं नाही, कारण त्यात मशीन येत नव्हतं.

माझं मत ठाम होतं की पहिला रंधा. करवत हातानं चालवता येते, त्यात मजाही आहे. पण भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणलेली खरबरीत, पिळवटलेली सागाची फळी हातरंध्यानं सरळ करायला लागलं की खांदे दुसऱ्या दिवशी ऑफिसला येत नाहीत. आता रंध्याच्या मशीनमध्येही दोन जाती. सरफेस प्लेनर एक बाजू सपाट करतो, थिकनेसर दुसरी बाजू तिला समांतर करतो. दोन्ही घेणं महाग, म्हणून बरेच जण नुसता थिकनेसर घेतात. त्यात वाकडी फळी घातली तर पलीकडून पातळ वाकडी फळी येते. त्याचे रोलर फळीला दाबून सरळ करतात, रंधा लागतो, आणि दाब सुटला की फळी मूळ स्वभावावर जाते. मी सरफेस प्लेनरच घेतला. त्याच शाफ्टवर पुढे कापायचं छोटं पातं बसवायची सोय होती, तेवढी चैन.

मशीनच्या किमतीवरून समितीत मतभेद झाले तेव्हा आमच्या इमारतीत फर्निचरचं काम करणाऱ्या राजस्थानी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, ‘साहब, मशीन सस्ती चलेगी, ब्लेड सस्ती नहीं चलेगी.’ समितीच्या सगळ्या बैठकांतून निघालं नव्हतं तेवढं त्या एका वाक्यात होतं. आणि इथे लोखंडाच्या गावात राहण्याचा फायदा कळला. रंध्याच्या पात्या बोथट झाल्या की भोसरीत सरफेस ग्राइंडिंगवर लावून देणारे मुबलक आहेत. सगळ्या पात्या एका वजनाच्या ठेवून देतात, नाहीतर शाफ्ट थरथरतो. देताना एकच विचारतात, ‘हे कुठल्या कंपनीचं कटर?’ स्टुलासाठी आहे म्हटलं की दोनदा बघतात.

शेड पूर्वी म्हशींची होती. गोठ्याच्या जमिनीला मोरीकडे उतार असतो, तसा तो याही जमिनीला उत्तम होता. म्हशींच्या दृष्टीनं तो योग्यच, पण मशीन त्या बाजूला मान टाकून उभं राहिलं. मेंटेनन्सवाल्या काकांचा चेहरा फुलला. पाणसळ, पॅकिंगच्या पट्ट्या, फाउंडेशन बोल्ट अशी यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात काढली. मी लाकडाच्या पाचरी सुचवल्या. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग वीज. मोटर दोन हॉर्सपॉवरची, म्हणजे जेमतेम दीड हजार वॅट. सोळा अँपिअरचा सॉकेट 230 व्होल्टला साडेतीन हजारांच्या वर देतो, म्हणजे कागदावर काही अडचण नाही. पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि तो क्षण नेमका दादांच्या घरातल्या मालिकेच्या वेळी येतो. एमसीबी पडला, मालिका गेली, वहिनी आल्या. शेवटी थ्री फेजची मोटर आणि सावकाश वेग वाढवणारा ड्राइव्ह असं ठरलं. थ्री फेजमध्ये तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. म्हणून आधी बेल्ट काढून दिशा बघायची, मगच बेल्ट चढवायचा. हे मेंटेनन्सवाल्या काकांनी सांगितलं आणि इथे त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. तसंच कापायच्या पात्याला समोरची पट्टी समांतर आहे का ते क्वालिटीवाल्या काकांनी डायल लावून बघितलं, तेही बरोबर. पट्टी मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेली असली तर लाकूड मध्ये अडकतं आणि पातं ते आपल्या पोटाकडे भिरकावतं. पोटासाठी मायक्रॉन मोजलेले चालतात.

टूलरूमवाल्या काकांनी उद्घाटनाच्या दिवशी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘कूलंट कुठंय?’

लाकडावर कूलंट सोडत नाहीत हे पचवायला त्यांना चहा लागला. पण चहात पडलेल्या भुशामुळे विषय योग्य जागी आला. लोखंडाचा कीस खाली पडतो, लाकडाची बारीक धूळ हवेत राहते आणि छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. म्हणून मी धूळ ओढणारं मशीन आणि चांगला मास्क यांचे पैसे रंध्याआधी बाजूला काढले. बायकोला मात्र या खर्चात आरोग्यापेक्षा सोफ्यावर भुसा न येणं जास्त पटलं.

सागाखेरीजचं लाकूड चाकणकडून येतं. परदेशातून यंत्रं पाइनच्या खोक्यांत येतात, ती खोकी फोडून फळ्या विकल्या जातात. त्यांच्यावर ‘एचटी’ असा शिक्का शोधावा. त्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंशांची उष्णता अर्धा तास दिलेली आहे, किडीसाठी औषधाची धुरी दिलेली नाही. ‘एमबी’ असेल तर धुरी दिलेली, ती फळी परत ठेवावी. शिक्क्याइतकाच महत्त्वाचा खिळा. तो आत मोडलेला असतो आणि रंध्याच्या पात्यालाच सापडतो. आता टूलरूमवाले काका प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवतात. लाकडात लोखंड शोधण्याचं काम मिळाल्यापासून त्यांची तब्येत सुधारली आहे.

क्वालिटीवाल्या काकांचा प्रश्न अवघड होता. त्यांनी मे महिन्यात 200 मिलिमीटर रुंदीची फळी स्वतः मोजून पास केली. जुलैत ती मिलिमीटरभर जास्त भरली. त्यांनी व्हर्नियर तपासला, मग माझ्याकडे बघितलं. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, हे मी समजावून सांगितलं. ‘म्हणजे मटेरियलच रिजेक्ट,’ ते म्हणाले.

तेव्हा शेडच्या दारात उभे असलेले एक आजोबा आत आले. भोसरीच्या फाउंड्र्यांसाठी त्यांनी जन्मभर पॅटर्न केले होते. त्यांनी रंध्याच्या बेडवर हात ठेवला.

‘हे कशाचं?’

‘बिडाचं,’ समिती एका सुरात म्हणाली.

‘बीड कशात ओतलं?’

‘वाळूच्या साच्यात.’

‘आणि वाळूत आधी काय दाबलं होतं?’

कुणी बोलेना. आजोबांनी पिशवीतून आपली जुनी पट्टी काढली. बीड थंड होताना साधारण शंभरात एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा मीटर मुद्दाम सेंटिमीटरभर लांब असतो. त्या पट्टीनं सागवानाचा पॅटर्न कापून तो वाळूत दाबायचा, म्हणजे ओतलेलं लोखंड बरोबर मापाला उतरतं. क्वालिटीवाल्या काकांनी ती आपल्या स्टीलच्या पट्टीला लावून बघितली, पुन्हा लावून बघितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या मापाला ‘ओके’ म्हणाले. आता पॅटर्न बरेचसे सीएनसीवर होतात, पण आजोबांना समितीचं अध्यक्षपद मिळालं आहे आणि माझ्या पाचरीही मंजूर झाल्या आहेत.

स्टूल झालं. डुलत नाही. तपासणीचा अहवाल त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेला आहे.

पिंपळे सौदागर, रहाटणी, पिंपळे गुरव भागातल्या वाचकांना एकच विनंती. भुसा भरपूर साठला आहे, ज्यांना हवा त्यांनी रविवारी सकाळी आपली गोणी घेऊन यावं. सागाचा आणि पाइनचा एकीकडे ठेवला आहे, प्लायचा वेगळा. प्लायचा कुंड्यांत किंवा गोठ्यात टाकू नका, त्यात रेझिन असतं. आणि येताना निवृत्त वडिलांना बरोबर आणू नका, समितीत जागा नाही.