पावसाला नियम कोण सांगणार?

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला, त्यात सरकारची, बँकेची किंवा विमा कंपनीची काहीही चूक नव्हती. चूक पावसाची. इतकी वर्षं पडतोय, पण एकदाही निकष वाचून आलेला नाही.

सरकारी निकषात अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी. जालना जिल्ह्यात घनसावंगीतल्या एखाद्या वाडीवर आभाळ फाटलं आणि मंडळाच्या गावी काटा ६३ वर थांबला, तर वाडीवर झालं ते वैयक्तिक दुर्दैव. ढगाने आधी मापकावर हजेरी लावावी, मग हवं तिथं कोसळावं.

गोदावरीचंही तेच. जायकवाडीचा विसर्ग ३ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि अंबड-घनसावंगीच्या काठच्या गावांत पाणी शिरलं. शिरलं ते शिरलं, पण मुक्काम किती, हे ठरवून यायला नको? केंद्राच्या निकषांप्रमाणे कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५०० रुपये कधी? घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर. दीड दिवसात जाणारं पाणी म्हणजे गणपती. त्याची भरपाई कुठल्या तोंडाने मागणार? राज्य सरकारला कधी दया येते आणि अट सैल होते, पण दयेच्या भरवशावर भांडी वाहू देऊ नयेत.

घराचा हिशोबही सरळ आहे. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडलं, तर ६,५००. कच्चं असेल तर ४,०००. तीन भिंती गेल्या आणि चौथी हट्टाला पेटून उभी राहिली, तर तिची समजूत काढणं हे कर्त्या माणसाचं काम. आमच्याकडची माळवदाची घरं तर भलतीच बेशिस्त. भिजतात पावसात आणि बसतात ऊन पडल्यावर, तलाठी पंचनामा उरकून गेल्यानंतर. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. सही तीच.)

ज्यांचा विमा आहे ते सुखी, असा एक समज आहे. जालना शहरात असे सुखी लोक आहेत, पण त्यातल्या अनेकांना ते ठाऊक नाही. गृहकर्ज देताना बँकेने विम्याचा हप्ता कापून घेतलेला असतो आणि पॉलिसी बँकेच्या कपाटात असते, जिथं कुंडलिका नदीचं पाणी पोचत नाही. २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आणली. पूर, वादळ, वीज, भूकंप सगळं त्यात. शिवाय घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आतलं सामानही आपोआप धरलेलं. आमच्या दारात मात्र एजंट येतो तो मुदतीनंतर पैसे परत देणाऱ्या पॉलिसीचा. घर परत मिळण्याच्या वस्तूंत मोडत नसावं.

समजा, पॉलिसी सापडली. कंपनी सांगते, सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका. महापालिका सांगते, चिखल ताबडतोब काढा, रोगराई होईल. दोघांचा मान राखायचा तर चिखल आधी फोटोत ठेवावा, मग घरातून काढावा. सर्व्हेअर येतो आणि फ्रिजचं बिल मागतो. बिल फ्रिजवरच ठेवलेलं होतं. मग भिंतीची चौकशी. जुनी भिंत पडली तर ती झीज, नवी पडली तर निकृष्ट बांधकाम, आणि बांधकाम चांगलं होतं म्हणावं तर ती पडलीच कशी?

क्लेम नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर थांबायचं, मग वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायचं. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. इतकी सोपी सोय आहे म्हणूनच बहुधा ती कुणी सांगत नाही.

सरकारने ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दिवाळीआधी पैसे, असा शब्द दिला. कुठली दिवाळी, हे विचारणारे विघ्नसंतोषी. पैशाआधी ई-केवायसी हवी. चिखल उपसून अंगठ्याच्या रेषा गेल्या असतील तर मशीन माणसाला ओळखत नाही. पुरात वाहून गेलेल्या घराचा मालकही मग वाहून गेला असंच धरावं लागतं.

इतकं सगळं जमवणं अशक्य आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. याच अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ च्या अतिवृष्टी-गारपिटीचं अनुदान वाटताना जे घडलं, ते चौकशीत बाहेर आलं. जमीन नसलेल्यांच्या खात्यावर पैसे, असलेल्या जमिनीपेक्षा जास्त क्षेत्राचे पैसे, एकाच नुकसानीचे दोनदा पैसे. यांचा ना अंगठा अडला, ना सर्व्हर, ना १५ टक्के. पुढे तलाठी निलंबित झाले, गुन्हाही दाखल झाला. हा केवढा अपव्यय! शेत नसताना ज्यांना पीक बुडवता आलं, त्यांना खरोखर पडलेली एक भिंत कागदावर पाडणं काय अवघड? पुढच्या जूनआधी सरकारने पूरग्रस्तांच्या मदतीला त्यांनाच मानधनावर घ्यावं. अनुभव दांडगा आहे, आणि निलंबनात वेळही असतो.