घोटीला ऐकू येतं, विहिरीला नाही

राजूरला पेढे घेतले, गाडी बारीच्या रस्त्याला लागली आणि आमच्या मोबाईलांनी एकामागून एक मान टाकली. आमच्यातला इंजिनिअर मात्र खुलला. जिथे बाकीच्यांची रेंज संपते तिथे याचा उत्साह सुरू होतो.

त्याच्या मांडीवर साबणदाणीएवढ्या तीन डब्या होत्या. इवलासा पडदा, बोटभर कळफलक, वर अँटेनाचा तुरा. एकीवर टाइप करायचं, दुसरीवर उमटतं. मध्ये टॉवर नाही, सिम नाही, महिन्याचा रिचार्ज नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ साली बिनपरवाना खुला केला, त्यावर हा ‘लोरा’ नावाचा प्रकार चालतो. मर्म एवढंच की सावकाश बोलायचं. जितकं सावकाश, तितकं लांब ऐकू जातं. २०१७ साली नेदरलँड्समधून फुग्याला बांधून सोडलेल्या अशाच एका यंत्राची हाक ७०२ किलोमीटरवर, पोलंडात ऐकू आली होती आणि त्याची ताकद होती अवघी २५ मिलिवॉट. हे इंजिनिअरने आम्हाला संगमनेरला सांगितलं, अकोल्यात सांगितलं आणि राजूरला पेढेवाल्यालाही सांगितलं.

आमचं अंतर होतं दीडेक किलोमीटर. कळसूबाईच्या पायथ्याला त्याच्या मामांचं घर वरच्या अंगाला, विहीर खाली ओढ्याकाठी. शेतीची थ्री फेज लाइट येते रात्री-अपरात्री, वाटेत बिबट्याचं भय. मामांनी मोबाईल स्टार्टर बसवून पाहिला होता, पण ओढ्यात सिमलाच रेंज नाही. म्हणून ही डबी. घरून ‘चालू’ टाइप करायचं, खाली मोटर चालू.

इंजिनिअर डबी घेऊन उतारावरच्या वळणापर्यंत गेला, निरोप खणखणीत. पुढचं मामांनी अंगावर घेतलं. “तू घरीच थांब. स्टार्टरपाशी मी नीट बसवून येतो.” मामा बसवून आले आणि विहीर मुकी झाली.

दुसरा कोणीही आधी विहिरीवर जाऊन बघून आला असता. इंजिनिअरने कागदावर डोंगर काढला, त्यातून तुटक रेघ मारली आणि जाहीर केलं, “मध्ये सोंड आडवी येतेय. निरोप पुढे धाडणारा रिपीटर उंचावर हवा.” उंच म्हणजे किती? तर महाराष्ट्रात ज्याच्या वर जागाच नाही इतकं. १६४६ मीटर.

“मोटर माझी खाली आहे ना रे?” मामांनी एकदा विचारून पाहिलं.

भल्या पहाटे शिड्या चढताना पुढे पुण्याचा ट्रेकर, मागे मुंबईचा ट्रेकर आणि मध्ये मी, खांद्यावर प्लास्टिकचा पाइप घेऊन. कळसूबाई म्हणे पूर्वी एका पाटलाकडे कामाला होती. केरवारा आणि भांडी करणार नाही, ही तिची अट. पाटलाने अट मोडली, तशी बाई डोंगरावर निघून गेली. कायमची रेंजबाहेर. तिच्या देवळापाशी आम्ही पोचलो तेव्हा अर्धी गर्दी घरी व्हिडिओ कॉल लावून सूर्योदय दाखवत होती.

इंजिनिअरने पाइप उभा केला. पडद्यावर सिग्नलचा आकडा आला. “उणे ११८! झकास!”

शेजारी लिंबू सरबत विकणाऱ्या आजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “उणे पडले तरी झकास?”

निरोप होता घोटीहून. तिथे गच्चीवर इंजिनिअरचा मेव्हणा तिसरी डबी घेऊन बसला होता. ‘ऐकू येतंय. पोहे खातोय. चहा व्हायचाय.’ घोटीच्या गच्चीवर काय शिजतंय ते सगळं कळत होतं. पायथ्याची विहीर तेवढी गप्प. इंजिनिअरने वेग कमी केला, आणखी कमी केला. शेवटी एकेक निरोप इतका रेंगाळत जाऊ लागला की आजींचं एक गिऱ्हाईक तेवढ्यात सरबत पिऊन मोकळं झालं. विहीर गप्पच.

उतरलो ते गुडघे हातात घेऊन, आणि थेट विहिरीवर. मामांनी डबी खरंच नीट बसवली होती. पाऊस लागू नये, कोणी उचलू नये म्हणून स्टार्टरच्या लोखंडी पेटीत, आत, कुलूप लावून. पत्र्याच्या बंद पेटीतून रेडिओलहरी ना आत जात ना बाहेर येत. पोलंडची हाकसुद्धा नाही. इंजिनिअर बराच वेळ कुलपाकडे बघत राहिला.

पेटीला भोक पाडलं, वायर बाहेर काढली, साडेआठ सेंटिमीटरची अँटेना मामांनी आणलेल्या कळकाच्या टोकाला बांधली आणि कळक विहिरीच्या काठाला रोवला. सोंड होती तिथेच होती. निरोप मात्र तिला वळसा घालून घरी पोचला.

रात्री साडेअकराला मामांनी चष्मा लावून एकेक अक्षर दाबलं. ‘चालू.’ दोन सेकंदांनी खालून उत्तर आलं. ‘लाइट नाही.’

इंजिनिअरचं तोंड उतरलं. मामा म्हणाले, “वा! आजवर एवढं कळायला मला बॅटरी घेऊन खाली जावं लागायचं,” आणि गोधडी ओढून घेतली.