एक आण्याचा ट्रॅक्टर

खेळण्यातला ट्रॅक्टर म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरची ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. जगभरच्या संग्राहकांत मुख्यतः तीन प्रमाणे चालतात: सोळावा हिस्सा, बत्तिसावा हिस्सा आणि चौसष्टावा हिस्सा. पहिले अमेरिकेत रुजले, दुसरे युरोपात, आणि तिसरे घरात जागा नसलेल्यांनी आपलेसे केले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात हे प्रकरण समजावून सांगायला वेळ लागू नये. इथल्या जुन्या पिढीला जमिनीचे हिस्से आण्या-पैत मोजायची सवय होती, आणि जुना रुपया सोळा आण्यांचा व चौसष्ट पैशांचा होता. त्या हिशेबाने पहिला एक आण्याचा ट्रॅक्टर, दुसरा अर्ध्या आण्याचा, तिसरा नुसता एका पैशाचा. खरा ट्रॅक्टर सोळा आणे, म्हणजे बँकेचा.

मात्र हा हिस्सा लांबीचा आहे, क्षेत्राचा नव्हे. लांबी सोळापट घटली की क्षेत्र दोनशे छप्पन्नपट घटते. म्हणून एक आण्याच्या ट्रॅक्टरच्या दृष्टीने एक एकर म्हणजे अवघी १७० चौरस फुटांची खोली. अर्ध्या आण्याच्या ट्रॅक्टरला तोच एकर साडेबेचाळीस चौरस फुटांत बसतो. घरातल्या पोराने सहा बाय चारच्या दिवाणावर असा ट्रॅक्टर उशीपासून पायथ्यापर्यंत सगळीकडे फिरवला, तर साडेबावीस गुंठे नांगरून झाले असे धरायला हरकत नाही. डिझेल लागत नाही. चादरीची फेरमशागत मात्र आईला करावी लागते.

ही खेळणी मुलांसाठी जन्मली आणि पुढे मोठ्यांनी बळकावली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्टच्या आर्केड कंपनीने १९२०च्या दशकात बिडाचे फोर्डसन ट्रॅक्टर ओतले. ते पायावर पडले की खेळ त्या दिवसापुरता संपत असे. इंग्लंडात शिशाचे पोकळ शिपाई करणाऱ्या ब्रिटन्स कंपनीने पहिले महायुद्ध आटोपल्यावर शेताकडे लक्ष वळवले आणि पुढे १९४८ साली फोर्डसन मेजर काढला. या छंदाचा मूळपुरुष मात्र फ्रेड अर्टल हा ओतकाम करणारा कारागीर. १९४५ साली आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी त्याने घराच्या तळघरात भट्टी लावली, विमानांचे टाकाऊ पिस्टन वितळवले आणि त्या ॲल्युमिनियमचे ट्रॅक्टर वाळूच्या साच्यात ओतले. घरच्या बाईमाणसाने या भट्टीबद्दल काय म्हटले, ते इतिहासकारांनी नोंदवलेले नाही. पुढे खऱ्या ट्रॅक्टरच्या कंपन्यांनीच त्याला आपल्या ट्रॅक्टरच्या प्रतिकृती करायला सांगितल्या आणि त्या आपल्याच विक्रेत्यांच्या दुकानांत ठेवल्या. बाप नांगराचा फाळ घ्यायला येई, पोरगा लाल ट्रॅक्टर घेऊन जाई, आणि मोठा झाल्यावर रंग न बदलता पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढे. इतकी लांब मुदतीची जाहिरात दुसऱ्या एखाद्या धंद्याने क्वचितच केली असेल.

अर्टलचा कारखाना १९५९ साली डायर्सव्हिल नावाच्या लहानशा गावी गेला. तिथे १९८६ साली शेतीच्या खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले आणि दर नोव्हेंबरात तिथे देशभरच्या संग्राहकांचा मेळा भरतो. साधारण त्याच दिवसांत श्रीगोंद्यात नागवडे आणि कुकडी या साखर कारखान्यांच्या गाळपाची धामधूम असते. तिकडे माणसे हौसेने जाऊन छोटे ट्रॅक्टर पाहतात. इकडे मोठे ट्रॅक्टर फुकट पाहायला मिळतात, तेही नगर-दौंड रस्त्यावर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन टेलरच्या मागे, पुढे काढायला वाट मिळेपर्यंत.

ज्या तालुक्यात खऱ्या ट्रॅक्टरला तोटा नाही, तिथे खोटा कशाला जमवायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर खऱ्या ट्रॅक्टरच्याच चरित्रात सापडते. भारतात पहिला ट्रॅक्टर आयशरने १९५९ साली फरिदाबादला बांधला. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. याशिवाय एचएमटी, स्वराज, एस्कॉर्ट्स, मॅसी, आणि पुण्याच्या वाटेवर सणसवाडीत जॉन डिअर. खरा ट्रॅक्टर ऊस ओढतो, रोटर चालवतो, लग्नात वऱ्हाड नेतो, प्रचारात कार्यकर्ते नेतो आणि म्हातारा झाला की भंगारात जातो. त्याला जपून ठेवायची कल्पनाच कोणाला सुचत नाही. कोठ्यात उभा असलेला लोखंडी ऐवज कामाला लागत नसेल, तर शेतकऱ्याच्या पोटात दुखते. त्यामुळे आजोबांच्या पहिल्या ट्रॅक्टरचा पुरावा म्हणून फार तर एक फोटो उरतो. त्यातही ट्रॅक्टर झेंडूच्या हारांनी झाकलेला असतो आणि आजोबा बोनेटसमोर उभे असल्याने मॉडेल कोणते ते कळत नाही. ही उणीव छोट्या ट्रॅक्टरने भरून निघते.

इथे माल तीन प्रकारचा असतो. सर्वांत जुना प्रकार घरगुती. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करणाऱ्या पोरांनी काळाबरोबर बैल काढून टाकले, काड्यापेट्यांचे इंजिन केले आणि झिजलेल्या स्लिपरची चाके कापून बसवली. या प्रकारातला एकही जुना नमुना आज मिळत नाही, कारण चिपाडाचा भाग शेळ्यांनी खाल्ला. दुसरा प्रकार जत्रेतला: प्लॅस्टिकचा, लाल किंवा निळा, बोनेटवर एखाद्या नामांकित कंपनीचे नाव, पण खटला होऊ नये म्हणून एक अक्षर कमी. त्याच्यासोबत एकच ट्रॉली येते. श्रीगोंद्याच्या पोराला हे अपूर्ण वाटते. तो शेजारच्याची ट्रॉली सुतळीने मागे बांधतो, दोन्हींत हराळीच्या काड्यांचा ऊस रचतो आणि मग तोंडाने गाणे लावतो. गाण्याशिवाय उसाचा ट्रॅक्टर चालत नाही. तिसरा प्रकार ओतीव धातूचा. तो पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून किंवा पार्सलने येतो, आणि त्याची खरी किंमत घरात कोणाला सांगायची नसते.

इथल्या संग्राहकाचा प्रतिस्पर्धी दुसरा संग्राहक नसतो, तो भंगारवाला असतो. भंगारवाला दारात आधी पोचतो. संग्राहक वस्तूची किंमत सालावर ठरवतो, भंगारवाला किलोवर, आणि घरातल्या माणसांना किलोचा हिशेब लगेच पटतो. प्लॅस्टिकच्या मोबदल्यात लसूण मिळत असेल तर वाद घालण्यात अर्थ नसतो.

मिळालेला ट्रॅक्टर सहसा अपंग असतो. सगळ्यात आधी मोडते ते सायलेन्सरचे नळकांडे, मग स्टिअरिंग, मग पुढची चाके. ड्रायव्हर असलाच तर तो कधीच बेपत्ता झालेला असतो. दुरुस्तीची सुरुवात ट्रॅक्टर खोलण्यापासून होते. ओतीव ट्रॅक्टरचे दोन अर्धे भाग रिव्हेटने जोडलेले असतात. रिव्हेटचे डोके बारीक ड्रिलने उडवावे लागते, आणि हात हलला तर ड्रिल इंजिनात घुसते. जत्रेतला ट्रॅक्टर दोन स्क्रूंत उघडतो. पोटात काळी प्लॅस्टिकची डबी असते. चाके जमिनीवर घासली की दातेरी चाकांमार्फत डबीतली जड लोखंडी चकती गरगर फिरते आणि ट्रॅक्टर सोडला की तीच चकती चाकांना पुढे रेटते. हा ट्रॅक्टर चालेनासा झाला की मालक म्हणतो, इंजिन गेले. डबी उघडल्यावर दिसते ते असे: आसाला लांब केसांची घट्ट गुंडाळी, तिच्यात गोधडीचा लाल दोरा, बाजरीचे दोन दाणे आणि दात्यांत अडकलेला बांगडीचा तुकडा. चिमट्याने हे सारे ओढून काढायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. दोन थेंब सोडले तर चकती गुळगुळीत फिरते, पण धूळही दुप्पट धरते. घरातल्या तीन पिढ्यांच्या केसांचा रंग अशा गुंडाळीवरून सांगता येतो.

जुना रंग काढणे हे जोखमीचे काम. बिडाच्या खेळण्याला कॉस्टिक सोडा चालतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताला तो चालत नाही. धातू फसफसतो, हायड्रोजन सुटतो, आणि रंगाबरोबर ट्रॅक्टरही निघून जाऊ लागतो. ओतीव खेळणी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. त्यात ॲल्युमिनियम, तांबे, मॅग्नेशियम घालतात. पण ओतताना शिशाची भेसळ झाली, तर काही वर्षांनी धातूला आतून तडे जातात, तो फुगतो आणि बोटाने दाबला की भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक खेळण्यांना हा रोग आहे. त्यावर औषध नाही. रोगी ट्रॅक्टर कोरड्या जागी ठेवायचा आणि पाहुण्यांच्या हाती द्यायचा नाही, एवढेच करता येते.

यानंतर लांबी (पुट्टी) भरणे, पॉलिश पेपरने घासणे, प्रायमर आणि स्प्रे. हे सारे तालुक्यातल्या कोणत्याही गॅरेजात शिकायला मिळते, फक्त पेंटरला सांगावे लागते की मडगार्ड एवढेच आहे. तो बराच वेळ उरलेल्या ट्रॅक्टरची वाट पाहतो. बोनेटवरची अक्षरे रेडियमवाल्याकडून कापून घ्यायची. त्याच्याकडे मोठ्या टेलरच्या मागचे वाघ, भगवे झेंडे आणि आईवडिलांचे आशीर्वाद तयार असतात. तीन मिलिमीटर उंचीचे आशीर्वाद मात्र तो पहिल्यांदाच कापतो. नांगर उचलायला हायड्रॉलिक हवे असेल, तर इंजेक्शनच्या दोन सिरिंज सलाइनच्या नळीने जोडून पाणी भरायचे. एक दाबली की दुसरी उचलते. पास्कलचा नियम शाळेत न कळलेल्यांनाही तो इथे कळतो, पाणी गळून सतरंजीवर आल्यावर तर चांगलाच.

रंग द्यावा की न द्यावा, हा या छंदातला सर्वांत कडवा वाद आहे. परदेशी संग्राहकांत खेळण्याचा मूळ रंग कितीही खरवडलेला असला, तरी तो नव्या रंगापेक्षा महाग मानला जातो. घाईने मारलेला एक हात किंमत निम्म्यावर आणू शकतो. श्रीगोंद्यात हे पटवणे अवघड आहे. पोळ्याला बैलाची शिंगे रंगतात, दसऱ्याला औजारे धुऊन पुजली जातात, लग्नापूर्वी घर रंगते. गंजलेला, टवके उडालेला ट्रॅक्टर मुद्दाम तसाच काचेच्या कपाटात ठेवला, तर पाहुणे मालकाच्या परिस्थितीची हळू आवाजात चौकशी करतात. त्यामुळे इथला शहाणा संग्राहक दोन नग ठेवतो: एक मूळ रंगाचा, कपाटात मागे, दुसरा चकचकीत, पुढे. पोळ्याच्या दिवशी पुढच्याला गंधफूल मिळते. मातीच्या बैलांच्या रांगेत तो उभा राहतो, आणि बैलांना पुरणपोळी दाखवताना त्याचाही नंबर लागतो.

रंगाचा दुसरा वाद कंपनीचा. बांधावर जशी लाल, निळी आणि हिरवी घराणी असतात, तशीच कपाटातही असतात. आयोवाचे संग्राहकही बहुधा एकाच रंगाचे निष्ठावंत. हिरव्या घराण्यातल्या संग्राहकाकडे लाल ट्रॅक्टर भेट म्हणून आला, तर तो घेतला जातो, पण सर्वांत खालच्या फळीवर, मळणी यंत्राच्या मागे उभा केला जातो.

घरच्यांचे आक्षेप सर्वत्र सारखेच: जागा, धूळ आणि पैसा. पैशाच्या आक्षेपावर संग्राहकाचे उत्तर तयार असते. या ट्रॅक्टरला हप्ता नाही, विमा नाही, पासिंग नाही, ड्रायव्हरची उचल नाही आणि ऐन हंगामात पळून जाणारा ड्रायव्हर नाही. हे खरे असल्यामुळे वाद थोडा वेळ थांबतो. मग वडील विचारतात की यात किती टन ऊस बसतो, आणि वाद पुन्हा सुरू होतो.

संग्रहाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा अनेकदा पुठ्ठ्याच्या खोक्याचा असतो. मूळ खोक्यासह, न वापरलेला ट्रॅक्टर नुसत्या ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जास्त भाव खातो, कारण खोकी लोक फेकून देतात. ही बाब मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवणे इष्ट. खेळण्यांची नोंद सातबाऱ्यावर होत नाही, त्यामुळे वाटपाच्या वेळी ती भांडीकुंड्यांबरोबर मोजली जातात. त्यात थोरला ट्रॅक्टर घेतो, धाकटा समसमान वाटणीचा आग्रह धरून खोका घेतो, आणि बहीण हक्कसोड पत्रावर सही करताना ट्रॉली मागते.