खाली गाळा, वर फ्लॅट, मध्ये लिफ्ट

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात ज्याची जागा रस्त्याकडेला आहे, तो बांधकाम काढताना आर्किटेक्टला विचारत नाही, मेव्हण्याला विचारतो. मेव्हणा डोळे मिटून नकाशा सांगतो : पुढं दोन शटर, मागं बिऱ्हाड, वर स्लॅब टाकून ठेव. एका शटरात खत-बियाणं, दुसऱ्यात मोबाईल दुरुस्ती. वर मजला चढलाच तर शिकवणी, नाहीतर पतसंस्था. तो चढेपर्यंत कॉलमच्या सळया स्लॅबवर हातभर उघड्या राहतात. गंजू नयेत म्हणून टोकांवर शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालतात आणि मधे दोरी बांधून धुणं वाळत टाकतात. पोरगं नोकरीला लागेपर्यंत गच्चीचा हाच वापर.

मोठ्या शहरात याच मांडणीला ‘मिक्स्ड यूज डेव्हलपमेंट’ म्हणतात आणि तिचं गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक निघतं. खाली मॉल, त्यावर पाच-सहा मजले गाड्या, त्यावर ऑफिसं, त्यावर माणसं, माथ्यावर पोहण्याचा तलाव. घर ते काम पायी जाता येतं, ही खास सोय. तिचे पैसे वेगळे.

मुंबईच्या गिरणगावात ही सोय फुकट होती. चाळीखाली वाणी, इराणी, खानावळ, वर खोल्या, भोंगा झाला की माणूस चालत गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे : एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. हिशेब सरळ होता, म्हणूनच तो टिकला नाही. २००१ मध्ये दुरुस्ती झाली की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. जिच्यावर बांधकाम उभं आहे ती मोजायचीच नाही. गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही दुरुस्ती कायम ठेवली. भावकीच्या वाटणीत कुणी असा हिशेब मांडला असता, तर पंचनाम्याला लांब जावं लागलं नसतं. पोलीस ठाणं युसूफ वडगावातच आहे.

त्या जमिनींवर पुढं जे उभं राहिलं, त्यात आर्किटेक्टची खरी कसोटी दारांत लागते. मॉलचं दार वेगळं, ऑफिसचं वेगळं, रहिवाशांचं मागच्या गल्लीत आणि कार्ड दाखवून उघडणारं. मोलकरीण, इस्त्रीवाला, डबेवाला यांची सर्व्हिस लिफ्ट निराळी. एकाच इमारतीत हजारो माणसं ठेवायची आणि वेगवेगळ्या ऐपतीच्या दोघांची जन्मात गाठ पडू द्यायची नाही, याला नकाशा काढताना बुद्धी लागते! न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली एका टॉवरमध्ये सवलतीच्या घरांना वेगळं दार ठेवलं, तर केवढा गहजब झाला. मुंबईनं दाराचा वाद ठेवलाच नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात बहुधा इमारतच वेगळी असते : इकडं ‘रिहॅब’, तिकडं ‘सेल’. रिहॅबमधलं घर १९९५ मध्ये २२५ चौरस फुटांचं होतं, नंतर २६९ झालं, आता ३०० आहे. सेलकडचं घर किती मोठं असावं याला अशी सरकारी मर्यादा नाही. तिथं गिऱ्हाइकाची ऐपत मोजतात.

युसूफ वडगावात जिना एकच. खताच्या पोत्यांना वळसा घालून शिकवणीची पोरं वर जातात आणि पतसंस्थेचा वसुलीवालाही तिथूनच उतरतो.

दुकानं वर चढवायची हौस मात्र परदेशातही फसली आहे. ल कॉर्बुझिए या वास्तुकारानं १९५२ मध्ये मार्सेय शहरात ३३७ घरांची इमारत पुरी केली आणि बाजारपेठ थेट मधल्या मजल्यांवर नेली. रस्त्यावरून जाणारा माणूस भाजी घ्यायला लिफ्टनं कशाला चढेल? दुकानं रखडली. तालुक्याच्या गावी कोणत्याही व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावरचे गाळे बघावेत. उद्घाटनाची कोनशिला चकचकीत, आत पारवे.

तरीही उद्या कुणी युसूफ वडगावात टॉवर काढलाच, तर? उन्हाळ्यात टँकर खालच्या हौदापर्यंत येईल. पुढं पाणी विसाव्या मजल्यावर न्यायला वीज लागेल, आणि ती आली की आधी शेतातली मोटर चालू होईल. अडचण पाण्याची, स्लॅबची नाही. लोक स्लॅबला भीत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड माळवदांनी हजारो माणसं गाडली. मराठवाड्यानं स्लॅब धरला त्यात त्या पहाटेचाही हात आहे.

राहिला उंचीचा प्रश्न. मुंबईतला ‘वर्ल्ड वन’ ४४२ मीटरचा जाहीर झाला होता. विमानतळाकडून परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर थांबला. युसूफ वडगावात विमानतळाचं ना हरकत लागत नाही, चुलत्याचं लागतं. सामाईक भिंतीवर त्याची सही हवी. आणि चुलता दिवाळीनंतरच उचल घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेलाय. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की येईल.