मध्यमवर्गात टिकून कसे राहावे?

श्रीमंत कसे व्हावे, यावरच्या पुस्तकांनी फुटपाथ भरले आहेत. गरिबीतून वर कसे यावे, यासाठी योजना आहेत, समित्या आहेत, अर्जांचे नमुने आहेत. पण जे मधोमध बसले आहेत त्यांनी तिथून कसे हलू नये, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी पुढील मार्गदर्शन. ते पगारदार कुटुंबांसाठी आहे. धंदेवाल्यांनी आपल्या सीएला विचारून त्यात योग्य ते फेरफार करावेत.

1. खिडकी पाहून उत्पन्न ठरवा

मध्यमवर्गीय असल्याचा दाखला तहसील कार्यालयात मिळत नाही, त्यामुळे तिथे रांग लावू नये. मिळतो तो उत्पन्नाचा दाखला, आणि त्याचा अर्थ खिडकीगणिक बदलतो. महाराष्ट्रात 1999 पासून तीन रंगांची रेशनकार्डे आहेत. कुटुंबाला वर्षाला 1 लाख रुपये मिळू लागले की कार्ड पांढरे होते. म्हणजे महिना साडेआठ हजार कमावणारे घर रेशनच्या खिडकीवर सधन. तेच घर 8 लाखांच्या आत असेल, तर 2019 पासून आरक्षणाच्या खिडकीवर ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ ठरू शकते. मुंबईत म्हाडाच्या सोडतीत 9 ते 12 लाखांचे कुटुंब मध्यम आणि त्यापुढचे उच्च. इकडे 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतचा, पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंतचा, आयकर शून्यावर आणला. तेव्हा साडेबारा लाख पगाराचा माणूस सकाळी म्हाडात ‘उच्च उत्पन्न गट’ असतो आणि दुपारी आयकराच्या लेखी कर झेपत नाही असा गरजू.

या गोंधळाला घाबरू नये. ज्या खिडकीवर काही मिळायचे असेल तिथे पडेल चेहऱ्याने जावे, आणि मुलीच्या स्थळाची चौकशी येईल तेव्हा सीटीसीचा पूर्ण आकडा सांगावा.

2. मान कायम वर ठेवा

मध्यमवर्गात टिकण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तुलना नेहमी वरच्या मजल्याशी करणे. आपण थ्री बीएचकेत असू, तर फोर बीएचकेवाल्यांबद्दल बोलावे. गाडी असेल, तर ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे त्यांच्याबद्दल.

खाली पाहणे धोक्याचे आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी 2022 मध्ये तयार झालेल्या विषमता अहवालाने 2019-20 च्या श्रमबल पाहणीवरून असा हिशेब मांडला, की महिना 25,000 रुपये मिळवणारा माणूस देशातल्या कमावणाऱ्यांच्या वरच्या 10 टक्क्यांत बसतो. असे अहवाल घरात आणू नयेत. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेच, तर ‘पंचवीस हजारांत पुण्यात काय होतं हो?’ असे उत्तर द्यावे. हे उत्तर खरेही आहे. फक्त बाकीचे नव्वद टक्के त्याहून कमी पैशांत कसे भागवतात, हा पुढचा प्रश्न विचारला जाण्याआधी ग्रुपवर सुप्रभात टाकावी.

आपल्या उत्पन्नाविषयी तरीही शंका आली, तर धीर सोडू नये. जानेवारी 2023 मध्ये खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आपणही मध्यमवर्गीयच असल्याचे सांगितले होते. या वर्गात जागा भरपूर आहे.

3. सवलत आणि रेवडी यांतला फरक पाठ करा

दुसऱ्याला मिळते ती रेवडी, आपल्याला मिळते ती सवलत. उदाहरणार्थ, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला 2024 पासून ‘लाडकी बहीण’चे महिना 1,500 रुपये मिळू लागले. जाहीर झाली तेव्हा या योजनेचा वर्षाचा खर्च 46,000 कोटी सांगितला गेला. त्यावर ‘हा आमच्या कराचा पैसा’ असे चारचौघांत म्हणावे. 2025 च्या कर सवलतीने केंद्राच्या तिजोरीला सुमारे 1 लाख कोटींवर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. त्याला ‘अर्थव्यवस्थेला चालना’ म्हणावे. जुन्या करप्रणालीतली गृहकर्जाच्या व्याजावरची 2 लाखांची वजावट, पीपीएफचे करमुक्त व्याज, आयआयटीत सरकारी खर्चाने शिकलेला आणि सध्या कॅलिफोर्नियात असलेला भाचा, हे सगळे चालनेतच मोडते.

‘करदाता’ हा शब्दही आपल्यापुरता राखून ठेवावा. साबणाच्या वडीवर आणि चपलेवर जीएसटी सगळेच भरतात, पण त्यांना फॉर्म सोळा मिळत नाही.

2015 मध्ये गॅसचे अनुदान सोडण्याचे आवाहन झाले, तेव्हा एक कोटींहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. आपण त्यांत असाल, तर ही गोष्ट आजन्म सांगत राहावी.

4. मावशींना घरच्यासारखे वागवा, पण मोजून

धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मावशी म्हणावे. ‘त्या आमच्या घरच्याच आहेत’ हे पाहुण्यांसमोर सांगावे. चहा मात्र वेगळ्या कपात द्यावा आणि लिफ्ट कोणती वापरायची, ते सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरवावे. खाड्यांचा हिशेब कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आपल्या अर्जित रजा शिल्लक असतात. मावशींचे खाडे होतात.

सरकारी नोकरीतला महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून, असा वर्षातून दोनदा सुधारतो. महागाई मावशींच्या वस्तीपर्यंत पोचत नाही, असे गृहीत धरून त्यांच्या पगाराचा विषय दिवाळीपर्यंत लांबवावा. घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी महाराष्ट्रात 2008 मध्ये कायदा झाला. तो आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

5. साधेपणा सोडू नका

‘आम्ही आपली साधी माणसं’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणावे. भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता फुकट मागावा आणि मॉलच्या पार्किंगचे पैसे मुकाट्याने द्यावेत. युरोप टूर ‘आयुष्यात एकदाच’ म्हणून करावी. दुसऱ्यांदा गेल्यास ती ‘सूनबाईंनी बुक केली’ असे सांगावे. दुसऱ्या फ्लॅटला गुंतवणूक म्हणू नये. तो मुलासाठी असतो. तिसरा घेतल्यास त्याचा उल्लेख करू नये.

6. आधी बाहेर पडा, मग तक्रार करा

पालिकेच्या शाळेतून मूल काढावे. सरकारी दवाखान्याऐवजी मेडिक्लेम घ्यावा. बसऐवजी गाडी, नळाऐवजी टँकर. एवढे झाले की सार्वजनिक सेवांचा दर्जा किती घसरला, यावर तळमळीने बोलावे. ज्यांना पत्र लिहिता येते, ज्यांचा फोन नगरसेवक उचलतो, तेच निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांसाठी शाळा कोण सुधारणार, हा विचार मनात येऊ देऊ नये.

याबाबतीत आपल्या वर्गाच्या इतिहासात काही घातक उदाहरणे आहेत. 1972 च्या महागाईत मुंबईतल्या मध्यमवर्गीय गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि चाळींतल्या, वस्त्यांतल्या बायकांच्या बरोबरीने चालल्या. पुढे होत्या समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर. मागणी रॉकेल आणि धान्य रास्त भावात मिळावे, एवढीच. म्हणजे ‘आमचा टॅक्स कमी करा’ असे त्यात काहीच नव्हते. अशा मोर्चात चालताना शेजारी कोण आहे ते दिसते, आणि मान वर ठेवण्याचा दुसरा नियम मोडतो. म्हणून आपला निषेध बाल्कनीतून किंवा मोबाइलवरून नोंदवावा.

समारोप

हे सहा नियम पाळणाऱ्याला मध्यमवर्गातून कुणी हलवू शकत नाही. पगार पंचवीस हजार असो की अडीच लाख. समाजात आपली जागा कोणती, हे दाखल्यावर लिहिलेले नसते. सरकारकडून घेताना गरीब आणि मावशींना देताना त्याहून गरीब, ही ती जागा. ती सोडावीशी वाटली, तर येत्या एक तारखेला मावशी दार वाजवतील तेव्हा पगार किती हवा, ते आधी त्यांनाच विचारा. त्यासाठी कुठल्याही खिडकीवरचा दाखला लागत नाही.